पौनीकरची उभी टाकी

आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, पौनीकरचं नाव निघालं की माणसं आधी हसतात आणि मग बोलायला लागतात. त्याला उमरेडला राहायला जाऊन दोन वर्षं होत आली, पण अजूनही कोणी त्याची आठवण काढली की माझी ती जुनी जळजळ सुरू होते. ती वगळून पौनीकर सांगायचा म्हटला तर माझ्याच्याने सांगून होणार नाही. म्हणून तिच्यासकट सांगतो.

हिंगण्याच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला फिटर होता आणि मी स्टोअर्सला कारकून. सकाळची कंपनीची बस आम्हाला एकाच कोपऱ्यावरून उचलायची. घरंही समोरासमोर. माझं पूर्ण प्लॉटवर, त्याचं अर्ध्या. बारा फूट रुंदीचं घर, पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मधून वर जाणारा जिना. पौनीकर स्वतः बुटका, माझ्या खांद्याला लागेल एवढा. कानावर पेन्सिल आणि पँटच्या खिशात फुटाणे. बसमध्ये बसला की मूठ पुढे करायचा, ओळखीचा असो की नसो. कंपनीत नवा आलेला इंजिनिअरसुद्धा पहिल्या आठवड्यात त्याच्या मुठीतले फुटाणे खात असे.

त्याला सवय होती, कोणत्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावून पाहायची. मोटार, पाईप, चहाचा ग्लास, तापलेल्या माणसाचं कपाळसुद्धा. "तळवा खोटं बोलते सायेब, काम करू करू जाड झाला," म्हणायचा. आणि कोणी काहीही अडचण सांगितली की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "पाहू ना." त्या दोन शब्दांचा मला फार राग यायचा. आमच्या घराण्यात किती पिढ्या कारकुनी चालली कोणास ठाऊक. आम्ही 'पाहू' म्हणतो तेव्हा ते काम होणार नसतं. त्याचं व्हायचं.

त्याचे वडील विणकर. पौनीकरही अठराव्या वर्षापर्यंत मागावर बसलेला. मग माग बंद पडला आणि हा आयटीआय करून कंपनीत लागला. पण बोटं मागाचीच राहिली होती. बसमध्ये बोलता बोलता कोणाच्या पिशवीचा सुटलेला बंद, कोणाच्या स्वेटरचा उसवलेला धागा त्याच्या हाती लागला की बस कोपऱ्यावर पोचेपर्यंत तो नीट झालेला असे. तेव्हा हे पाहून मला काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते मासे आल्यावर.

माशांतलं मला कळतं, ही माझी लेआऊटमधली ओळख होती. माझ्या हॉलमध्ये चार फूट लांबीचा टँक होता, अजून आहे. अठरा वर्षं मी तो सांभाळला. पाणी मीच बदलणार, दाणे मीच टाकणार, काच मीच पुसणार. पाहुण्यांच्या मुलांनी काचेला बोट लावलं की मी चहा ठेवून उठायचो. माझी बायको सुनंदा त्या अठरा वर्षांत टँकविषयी दोनच गोष्टी बोलली असेल. एक, बादल्या मोरीत ठेवत जाऊ नका. दुसरी, वास येऊन राहिला.

एका संक्रांतीला पौनीकरची बायको शालू हळदीकुंकवाला आली आणि तिने घरी जाऊन टँकचं वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी पौनीकर दारात उभा. "सायेब, मासे पाहू का?" आत येऊन तो अर्धा तास नुसता उभा राहिला. चहा गार झाला. माझे एंजल मासे इकडून तिकडे जात होते. चपटे, उंच, वर-खाली लांब पंख असलेले.

"हे आडवेच चालून राह्यले," तो म्हणाला.

"मासे आडवेच चालतात."

"तसं नाई म्हनत. याइची अंगकाठी उभी हाय. वरचा पंख पाहा, खालचा पाहा. अन् टाकी आडवी. याइले उंची पायजे न सायेब."

मी हसलो. मग त्याने विचारलं, उभी टाकी केली तर? त्याच्या हॉलमध्ये जिन्याखाली सव्वा फुटाची जागा रिकामी पडली होती. तिथे चार फुटी आडवा टँक बसणार नव्हता, पण चार फूट उंच बसला असता.

तेव्हा मी त्याला बसवून घेतलं आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. पाण्याचा जोर उंचीप्रमाणे वाढतो, तळाची काच फुटेल. उजेड खाली पोचणार नाही, झाडं सडतील. हात तळाला लागणार नाही, साफ कसं करणार? धक्का लागला तर सगळं आडवं होईल. पाणी भरल्यावरही महिनाभर मासे सोडायचे नाहीत, पाणी पिकावं लागतं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जंतू त्यात वाढावे लागतात. हे सगळं खरं होतं. सांगण्यामागचा माझा हेतू मात्र एवढाच होता की त्याने हा नाद सोडावा.

त्याने सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "पाहू ना," म्हणाला आणि गेला.

टाकी त्याने स्वतः चिकटवली. सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद, चार फूट उंच. काच बारा मिलीमीटरची. खाली लोखंडी अँगलचा स्टँड, तो भिंतीला बोल्टने आवळलेला. पण आत नेण्याआधी अंगणात पाणी भरून पाहायची त्याची तयारी होती. त्या रविवारी मी मुद्दाम गच्चीवर पेपर घेऊन बसलो. पाणी तीन फुटांपर्यंत चढलं, साडेतीनपर्यंत चढलं आणि एका बाजूचा जोड उकलला. सगळं पाणी अंगणातून, फाटकाखालून रस्त्यावर आलं. मला जो आनंद झाला तो मी आजवर कोणाला सांगितला नाही.

दुसरा कोणी असता तर दार लावून आत गेला असता. पौनीकर भिजलेल्या पायजम्याने रस्त्यावर आला आणि लोकांना बोलावू लागला. "या, या, पाहा कुठून फाटली ते! शालू, पाह्य वं, बरोबर इथूनच!" माणसं आली. प्रत्येकाने आपलं मत दिलं. कोणी म्हणालं चिकटवण कमी पडली, कोणी म्हणालं वाळायला वेळ दिला नाही. पौनीकर प्रत्येकाला "हो का? बरं सांगतलं," म्हणत होता. गच्चीवरून मला वाटलं, हा मूर्ख आहे, सगळ्या जगाला आपली फजिती दाखवतो. पण पंधरा दिवसांनी त्याने जोड ब्लेडने खरवडून पुन्हा चिकटवला, बाहेरून स्टीलच्या पट्ट्या आवळल्या आणि टाकी आठ दिवस भरून ठेवली. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, थेंब पडला तर दिसावा म्हणून. त्या आठ दिवसांत येणारा-जाणारा प्रत्येकजण वाकून वर्तमानपत्र पाहून जात होता. टाकी टिकली तेव्हा सगळा लेआऊट खूश झाला, कारण प्रत्येकाचंच त्यात काहीतरी होतं. माझं सोडून.

मग झाडं लावायची वेळ आली. मला खात्री होती की इथे तो अडकणार. हात जेमतेम दोन फूट आत जायचा, तोही स्टुलावर चढून. मी पाहायला गेलो तेव्हा सुनंदा आधीच तिथे बसलेली होती. पौनीकरने एकेक रोप एकेका चपट्या दगडाला बांधलं होतं. दगडाला सुती दोरा, दोऱ्याला एक गाठ. तो दगड विहिरीत बादली सोडावी तसा हळूहळू खाली सोडायचा, तळाला टेकला की दोऱ्यानेच ओढून जागेवर आणायचा आणि दोऱ्याला बारीकसा झटका द्यायचा. गाठ सुटायची, दोरा रिकामा वर यायचा आणि झाड खाली उभं राहायचं.

"बाबाची गाठ हाय," तो म्हणाला. "मागावर धागा तुटला का तात्पुरता असा बांधत. पायजे तवा सुटन, नाई तर नाई सुटन."

"मला करू द्या न एक," सुनंदा म्हणाली.

त्याने दोरा तिच्या हातात दिला. माझी बायको, जिने माझ्या टँकला अठरा वर्षांत कधी हात लावला नव्हता, स्टुलावर चढली आणि जीभ दातांत धरून दगड खाली सोडू लागली. झटका दिल्यावर गाठ सुटली तेव्हा ती जे हसली ते हसणं मी ओळखत होतो. लग्न झाल्यावरच्या एक-दोन वर्षांतलं होतं. त्या घटकेला मी पौनीकरचा जो द्वेष केला, तसा मी आयुष्यात कोणाचा केला नाही. तिच्या-त्याच्यात काही होतं म्हणून नव्हे. तसं काही नव्हतंच. शालू शेजारी बसून भाजी निवडत होती आणि ती पण हसत होती.

घरी येऊन मी दार लावून ती गाठ बांधून पाहिली. वीस वेळा तरी बांधली असेल. एक तर ती सुटायची नाही, नाही तर आधीच सुटायची.

बाकीच्या अडचणीही त्याने अशाच हसत-खेळत सोडवल्या. जुन्या कूलरचा पंप तळाशी ठेवला, त्याला उभा पाईप जोडला. तळाचं पाणी वर चढायचं आणि वरून धार होऊन पडायचं. उजेड खाली पोचत नव्हता, तर तळाला सावलीत जगणारी झाडं लावली आणि तोंडावर मनीप्लँट ठेवला. त्याची पांढरी मुळं दोन-दोन फूट खाली लोंबली. महिनाभर टाकी नुसती पाण्याची उभी होती, तरी माणसं येऊन पाहात बसायची.

होळीच्या आसपास बसमध्ये त्याने मला विचारलं, "सायेब, आता मासे आनतो. किती बसतीन?"

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. पाण्यात हवा मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून. त्यामुळे मासे किती ठेवायचे ते टाकीचं तोंड केवढं आहे त्यावर ठरतं, पाणी किती लिटर आहे त्यावर नाही. पौनीकरच्या टाकीत पावणेदोनशे लिटर पाणी होतं, पण तोंड सव्वा फुटाचं. पाच-सहा मासे, त्यावर एकही नाही. मला हे माहीत होतं. आदल्याच रात्री जेवताना सुनंदा म्हणाली होती, "पौनीकरभाऊंनी विचारलं मला, कोणत्या रंगाचे आणू. तुम्ही कधी विचारलं का हो?"

मी खिडकीबाहेर पाहात म्हणालो, "एवढं पाणी आहे. पंधरा-सोळा सहज."

"सोळा?" तो खूश झाला. "मी म्हटलं सात-आठ म्हनान." आणि मूठ पुढे केली. मी फुटाणे घेतले आणि खाल्लेही.

तो जरीपटक्याच्या बाजारातून सोळा एंजल घेऊन आला. रुपयाएवढे होते, त्यामुळे सुरुवातीला काही बिघडलं नाही. आणि ते दिसले किती सुंदर हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या टँकमध्ये ते भिंतीवरच्या चित्रासारखे दिसत. त्याच्याकडे ते चढत-उतरत. एक तळातून निघायचा आणि संथपणे, पंख न हलवल्यासारखा, चार फूट वर यायचा, मुळांमध्ये शिरायचा आणि परत खाली. संध्याकाळी त्या बारा फुटी घरात पाय ठेवायला जागा नसे. पौनीकर स्वतः जिन्याच्या पायरीवर, खुर्च्यांवर माणसं. एका घरची म्हातारी तर जपाची माळ तिथेच घेऊन यायची. मी माझ्या हॉलमध्ये माझ्या टँकसमोर बसून समोरच्या घरातला आवाज ऐकायचो.

मे महिन्यात मासे दुपटीने मोठे झाले होते. एका रविवारी दुपारी, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं, लाईन गेली. कूलर बंद, पंखे बंद. तासाभराने शालू दारात आली, डोक्यावर पदर, पाय पोळलेले. "वैनी, मासे वर आले वं. सगळेच्या सगळे. तोंड उघडून राह्यले."

आम्ही गेलो. सोळा मासे त्या सव्वा फुटाच्या तोंडाशी दाटीने उभे होते, तोंडं पाण्याबाहेर काढून. पंप बंद, पाणी गरम, हवा संपलेली. पौनीकरने काचेला हाताची मागची बाजू लावली आणि काढली. मग स्टुलावर चढला, मगाने पाणी घेऊन उंचावरून परत ओतू लागला. "हवा लागू द्या, हवा लागू द्या," म्हणत. त्याचा हात थकला की शालू, मग सुनंदा, मग शेजारचे.

सुनंदा खाली उतरून माझ्याकडे आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. "अहो, आपल्याकडे ते सेलवर चालणारं हवेचं मशीन आहे न?"

होतं. कपाटात, खोक्यात. लाईन जाईल तेव्हासाठी मीच आणलेलं.

"सेल नाहीत त्यात," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. घरी गेली, भिंतीवरच्या घड्याळाचा एक सेल काढला, दुसरा कुठल्या तरी खेळण्यातला, आणि मशीन घेऊन आली. झाकण उघडलं तर आत सेल होते. नवेच होते. ती झाकण लावून मशीन पौनीकरच्या हातात देऊन परत मगाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मीही उभा राहिलो. मीही मग ओतले. किती ओतले ते काय सांगायचं आता.

लाईन साडेपाचला आली. तोवर अकरा मासे गेले होते.

पौनीकरने ते एका ताटात घेतले, मागच्या लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला. फुटाण्याच्या खिशात हात घालून उभा होता आणि हात बाहेर काढत नव्हता. सुनंदा दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली, ते भाजी काय आणू एवढंच. घड्याळ मात्र तिने चार दिवस बंदच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बसमध्ये पौनीकर माझ्या शेजारी येऊन बसला. "सायेब, एक गोष्ट समजली मले. तुमच्याबी कामाची हाय." आणि तो मला समजावून सांगू लागला की पाणी हवा वरच्या अंगाने घेतं, टाकी किती खोल आहे त्याला अर्थ नाही, तोंड किती मोठं ते पाहावं लागतं. त्याने कानावरची पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उभी टाकी काढली, आडवी टाकी काढली, बाणसुद्धा दाखवले. "माह्या टाकीत पाच. लय झाले तर सहा. तुमाले कोनी सांगतलं नसन."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काही सापडलं नाही. तो टोमणा होता की खरोखरच मला काही शिकवत होता, हे तेव्हा मला कळलं नाही. मी "अच्छा, असं आहे होय," म्हणालो. तेव्हाही सांगता आलं असतं. हिंगणा येईपर्यंत वेळ होता.

त्यानंतर काय व्हावं? उरलेल्या पाचांतल्या दोघांची जोडी जमली आणि दिवाळीच्या आधी मादीने त्या उभ्या पाईपवर अंडी घातली. ओळीने, खालून वर, मण्यांसारखी. माझ्याकडे अठरा वर्षांत दोनदा अंडी झाली होती आणि दोन्ही वेळा आई-बापांनीच खाल्ली होती. पौनीकरने पाईप तुकड्या-तुकड्यांचा केला होता, तुंबला तर काढता यावा म्हणून. अंड्यांचा तुकडा त्याने अलगद वर काढला आणि बादलीत ठेवला, त्यात हवेची नळी सोडली. पिल्लं पोहायला लागल्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीच्या तुकड्यातून पिळून ड्रॉपरने भरवला. तीन-चार डझन जगली. त्याने ती सगळ्या लेआऊटला वाटली. बाया-माणसं बरण्या, डबे घेऊन दारात उभी.

माझ्यासाठी तो स्वतः आला. बरणीत दोन पिल्लं, सगळ्यांत ठसठशीत पट्ट्यांची. "तुमच्यासाठी निवडून ठेवले."

"माझ्याकडे जागा नाही," मी म्हणालो. माझा चार फुटी टँक त्याच्या पाठीमागेच होता. त्यात त्या वेळी तीन मासे होते.

त्याने मान वळवून टँककडे पाहिलं, बरणी छातीशी धरली. "बरं," म्हणाला.

असं एक वर्ष गेलं. मग पौनीकर रिटायर झाला. उमरेडला त्याचा मोठा भाऊ एकटा पडला होता, म्हणून दोघं नवरा-बायको तिकडे राहायला जायचं ठरलं. घर विकलं. जायच्या चार दिवस आधी तो सकाळीच आमच्याकडे आला. सुनंदा चहा ठेवत होती.

"सायेब, टाकी नेता नाई येत मले. भावाचं घर कवेलूच्या छपराचं हाय, जमीन कच्ची. तुमी ठेवा. मासे तुमालेच समजतात लेआऊटमध्ये."

जवळजवळ दोन वर्षं ज्या वस्तूवर मी डोळा ठेवला ती अशी आयती दारात आली. मी 'हो' म्हणालो असतो तर विषय संपला असता. का म्हणालो नाही ते मला नक्की सांगता येत नाही. सुनंदाने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, एवढं खरं.

"पौनीकर," मी म्हणालो, "त्या सोळा माशांचं मी तुम्हाला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. मला माहीत होतं पाचच बसतात."

त्याने कानाची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं. "मले तवाच वाटलं होतं," तो म्हणाला. "म्हंजे लाईन गेली त्या दिवशी नाई. मागून इचार केला तवा. सांगताना तुमी खिडकीबाहेर पाहून राह्यलते. मी म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन. म्हनून तर बसमध्ये तुमच्याजवळ येऊन बसलो."

मी टँकच्या काचेवरचा डाग पुसू लागलो.

"काहून केलं सायेब तसं?"

एवढा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "तुमच्याकडे सगळे यायचे. ही पण यायची."

"मग तुमी यायचं न," तो म्हणाला. त्याला ते खरंच कळलं नव्हतं. समोरचं घर, वीस पावलं, दार उघडं, आणि हा माणूस येत का नाही? चहा आला, तो प्याला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अकरा होते सायेब. एकेकाले मी वळखत होतो." आणि मग, आवाज जराही न चढवता, "टाकी मी तुमाले नाई देत."

मला वाटलं संपलं. पण तो सुनंदाकडे वळला. "वैनी, तुमाले देतो. तुमी सांभाळान. पानी गिनी भरून घेत जा सायबाकडून."

"घेईन न भरून," सुनंदा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी आठ जणांनी मिळून रिकामी टाकी रस्ता ओलांडून आणली, मासे मागून बादलीत. आमच्या हॉलमध्ये खिडकीशेजारी पौनीकरने स्टँड स्वतः भिंतीला आवळला. सुनंदाला त्याने सगळं शिकवलं. पाईपचे तुकडे कसे काढायचे, मुळं किती कापायची, पाणी कुठपर्यंत बदलायचं. मी बादल्या आणत होतो. पंचवीस बादल्या झाल्या असतील. प्रत्येक बादली ओतताना तो "हळू, हळू" म्हणायचा, पण मला उद्देशून नाही, पाण्याला उद्देशून म्हटल्यासारखं.

जायच्या दिवशी टेम्पो भरला. पलंग, भांडी, शालूची शिलाई मशीन. लेआऊटमधली झाडून सगळी माणसं जमली होती. जपमाळेवाल्या म्हातारीने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. शालू आणि सुनंदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी फाटकाशी उभा होतो. पौनीकर सगळ्यांना हात जोडत, कोणाकोणाच्या मुठीत फुटाणे देत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो सुरू झाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. पौनीकर खाली उतरला आणि चालत परत आला.

मला वाटलं, माझ्याशी काहीतरी बोलायला येतो आहे. मी पुढेही झालो. तो माझ्या बाजूने सरळ आमच्या घरात गेला, मीही मागोमाग. दारात चपला काढल्या, हॉलमध्ये टाकीसमोर उभा राहिला. मासे मोजताना त्याचे ओठ हलत होते. मग मान वर करून एकाच्या मागे तळापासून तोंडापर्यंत नजर नेली, परत खाली आणली. काचेला हाताची मागची बाजू लावली. "बरं," म्हणाला. हे कोणाला म्हणाला, ठाऊक नाही. घरात आम्ही दोघंच होतो.

तो वळायच्या आत मी दाराकडे गेलो. त्याच्या चपला उंबऱ्याकडे तोंड करून पडल्या होत्या, एक आडवी, एक उलटी. मी खाली बसलो, उलटी सुलटी केली आणि दोन्ही बाहेरच्या दिशेने वळवून, जवळजवळ लावून ठेवल्या. माझ्या बोटांना धूळ लागली. पौनीकर आला, क्षणभर थांबला. मग एकेक पाय त्यांत घातला आणि टेम्पोकडे चालू लागला.